उद्या गोहला बोलाव

त्या मंगळवारी सकाळी आम्ही नेहमीसारखी कोपी, म्हणजे इथली कॉफी, प्यायलो. बुकित पंजांग वस्तीत आमच्या ब्लॉकखाली खाण्यापिण्याच्या टपऱ्यांचं हॉकर सेंटर आहे, तिथे. लिम मास्तरांनी कोपी बशीत ओतली, फुंकली आणि निम्मी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "कॅप्टन, उद्या गोहला बोलाव. त्याला एक गोष्ट सांगायची राहिलीय." मी म्हटलं, "परवा बघू. दोन दिवस शांततेत पिऊ द्या मला." मास्तर हसले. गोहच्या रिकाम्या खुर्चीवरचं टिश्यूचं पाकीट उचलून त्यांनी खिशात घातलं. इथे जागा धरायला टिश्यू ठेवतात, आपल्याकडे एस.टी.त रुमाल टाकतात तसं. त्याच दुपारी मास्तर झोपेत गेले. संध्याकाळी त्यांच्या मुलीने दारात येऊन सांगितलं.

मी कसला कॅप्टन, जहाजाच्या इंजिनात तेल घालणारा माणूस, चौथी शिकलेला. मास्तर चिनी शाळेत शिकवायचे आणि गोह चिनी छापखान्यात खिळे जुळवायचा. तरुणपणापासून दोघांचं एकच भांडण, चीनने कुठल्या वाटेने जायला हवं होतं. माझ्यासाठी ते मोडक्या इंग्रजी-मलायात भांडायचे. मास्तर म्हणायचे, "जुनं मुळासकट उपटल्याशिवाय देश उभा राहत नाही." गोह म्हणायचा, "मुळं उपटलेलं झाड उभं राहिलेलं कुठे पाहिलंत?" घरी आलो की ही विचारायची, "झाला का तुमचा चीन चालवून?" ही गेली, मी दार लावून बसलो, तेव्हा रोज सकाळी मास्तरच दार ठोठावायचे. "चल, पंच नाही तर भांडण कसलं."

गोहचा थोरला भाऊ मास्तरांच्या वाचनमंडळात होता. देशाला आपली गरज आहे, हे मास्तरांचं बोलणं ऐकून तो पोरगा बोटीत बसून चीनला गेला. काही वर्षं पत्रं आली, मग बंद झाली... गोह म्हणायचा, "आधी माणूस, मग देश." मास्तर म्हणायचे, "देशच नसेल तर माणूस राहील कुठे?" दोन महिन्यांपूर्वी असेच तापले होते. माझे गुडघे दुखत होते, डोकं फिरलं. मी म्हटलं, "पाठवणारा इथेच बसला. रडणाराही इथेच बसला. जो इंजिनात उतरला नाही, त्याने बोटीच्या वाटेवर बोलू नये. कुणाचाच हक्क नाही." गोह उठला तो परत आला नाही. मास्तर मात्र रोज त्याच्या खुर्चीवर पाकीट ठेवायचे. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्या मंगळवारी निघताना ती गोष्ट त्यांनी मला सांगितली होती. "त्या बोटीचं तिकीट मीही काढलं होतं. घाबरलो. आईच्या आजारपणाचं निमित्त केलं. गोहला हे माझ्या तोंडून कळलं पाहिजे." आणि तरी मी परवाच म्हटलं. कसलं काम होतं मला? काही नाही. रोजचं भांडण परत सुरू होईल, याचाच कंटाळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गेलो, तर गोह आधीच येऊन बसलेला. त्याच्या कानावर गेलं होतं. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला माहीत होतं. भावाला सोडायला धक्क्यावर गेलो होतो मी. भाऊ शेवटपर्यंत मास्तरची वाट बघत उभा होता." मी विचारलं, "मग इतकी वर्षं भांडलास कशाला?" "त्याने स्वतः एकदा तसं म्हणावं म्हणून." काऊंटरवरून तीन कोपी आणल्या. टिश्यूचं एक पाकीट घेतलं आणि मास्तरांच्या खुर्चीवर ठेवलं. हातात ट्रे घेतलेल्या एका बाईने विचारलं, "अंकल, इथे कोणी बसतंय का?"

मी म्हटलं, "हो, मास्तर आहेत." आणि एक कोपी बशीत ओतून गोहकडे सरकवली.