काळा-पांढरा पीतांबर

"हे मळलेले हात बघा," परीक्षक म्हणाले आणि माझ्या फोटोसमोर थोडे मागे सरकून उभे राहिले. "या मळात एका कारागिराचं अख्खं आयुष्य दिसतं."

हात माझ्या बहिणीचे होते आणि ते मळलेले नव्हते. त्यांच्यावर पिवळा, गुलाबी आणि सोनेरी रंग लागलेला होता. काळ्या-पांढऱ्या फोटोत बोटांवरचा रंग आणि बोटांवरचा मळ सारखाच दिसतो. फोटोग्राफीच्या स्पर्धांचं परीक्षण करत फिरणाऱ्या माणसाला एवढं ठाऊक असायला हवं. पण त्यांना कशाला बोलू? मला तर ते पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही माझं नाव पुकारल्यावर मी पुढे जाऊन बक्षीस घेतलं, वर हसून नमस्कारही केला.

ताई मागच्या रांगेत बसली होती. कारखान्यातल्या दोघी मैत्रिणींना घेऊन आली होती, तिघी ठेवणीतल्या साड्या नेसून. आपल्या फोटोला बक्षीस मिळालंय एवढंच तिला माहीत होतं. फोटो तिने अजून पाहिला नव्हता. मीच दाखवला नव्हता.

ताईला पेणला दिलेली. गणपतीच्या कारखान्यात ती लग्नानंतर वर्षभरातच लागली. अंगाचा रंग, पीतांबर, शेला, दागिने हे सगळं काम तिचं. डोळे मात्र कधीच नाही. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी होते आणि ती कारखान्यातला सर्वांत जुना कारागीरच करतो. यंदा ऐन गर्दीच्या दिवसांत त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, आणि मालकाने आखणीचा ब्रश ताईच्या हातात दिला. त्याच संध्याकाळी तिचा फोन आला.

"उद्या ये. माझा पयला गणपती हाय. टेम्पोत चढला का गेला, नि विसर्जन झालं का संपला. मला भिंतीला लावायला एक फोटो पायजे. डोळे काढताना. नि पीतांबराचा पिवळा नीट येऊ दे, दोन दिवस घोटून बनवलाय तो."

"व्हय, येईन," मी म्हणालो.

माझ्या कॅमेऱ्यात काळा-पांढरा रोल होता.

मी रोह्याला राहतो, तिथल्या एका कंपनीत शिफ्टवर असतो. रोलच्या जुन्या कॅमेऱ्याने फोटो काढायचे आणि बाथरूमच्या खिडकीला काळं कापड लावून आपणच ते कागदावर उतरवायचे, हा माझा नाद. घरच्यांना आंघोळीसाठी ताटकळावं लागतं. लाल दिव्यात, ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर पहिली सावली उमटते तेव्हा अजूनही माझा श्वास अडकतो. रंग बाजूला झाला की उजेड कुठून येतो आणि कुठे संपतो ते स्वच्छ दिसतं. धरमतरच्या खाडीत जेटीला लागलेली कोळशाची बार्ज रंगीत फोटोत नुसती गंजलेली दिसते. काळ्या-पांढऱ्यात तिचं वजन कळतं. हे माझं प्रेम खोटं नाही. खोटं असतं तर मला आज एवढा राग आला नसता.

रंगीत रोल मागवायला वेळ नव्हता, हे खरं. मोबाईलने काढता आला असता, पण कारखान्यात मोबाईलला बंदी आहे. नव्या साच्याचा फोटो बाहेर गेला की पुढच्या गल्लीत तसाच गणपती उभा राहतो. "रोलचा हाय ना? मंग चालंल," मालक म्हणाले, "तो काय लगेच व्हॉट्सअपवर जात नाय." म्हणजे त्या मूर्तीचा जो काही फोटो निघणार होता, तो माझाच. मी ताईला एवढं सांगू शकलो असतो की यात रंग येणार नाही, मालकांची परवानगी काढ, दुसरं कोणाला तरी बोलाव. सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ती डोळे आखायला बसली तेव्हा मागे न रंगवलेल्या पांढऱ्या मूर्तींची रांग होती, खिडकीचा उजेड तिच्या मनगटावर पडला होता, आणि मला समोर बक्षीस दिसत होतं.

समारंभ संपल्यावर तिघी फोटोसमोर येऊन उभ्या राहिल्या. खाली पाटी होती: 'कष्ट'. हे नाव स्पर्धा भरवणाऱ्या आमच्या फोटोग्राफी क्लबच्या सेक्रेटरींनी सुचवलं होतं आणि मी मान डोलावली होती.

"काय गो," एक मैत्रीण म्हणाली, "तुझ्या गणपतीनं पीतांबर धुवायला टाकलाय वाटतं."

"नि ही बघ," दुसरी म्हणाली, "ही तर कोळशाच्या बार्जवरून उतरल्यासारखी दिसते."

ताई हसली नाही. फोटोतल्या बोटांवर तिने आपलं बोट ठेवलं. मग मला म्हणाली, "तो माणूस मळ म्हणाला. तू उठून सांगायचंस ना, मळ नाय तो, रंग हाय."

मी बक्षीस या हातातून त्या हातात घेतलं.

"नि माझा पिवळा?"

"ताई, या रोलमध्ये रंग येतच नाही."

"ते तुला त्या दिवशी ठावं होतं?"

"होतं."

ती मैत्रिणींना घेऊन निघून गेली. बक्षिसाच्या समारंभानंतर चहा-सामोसे होते, ते न घेता.

तेव्हापासून क्लबातल्या भिंतींकडे बघितलं की माझं डोकं तापतं. मिठागरातली बाई काळी-पांढरी. भात झोडणारा म्हातारा काळा-पांढरा. जाळं विणणारे हात काळे-पांढरे. आणि आमच्या मुलींच्या लग्नाचे अल्बम? एकाचाही काळा-पांढरा नाही. माझ्या मुलीच्या वाढदिवसाचे फोटो मी मोबाईलने काढतो, झगझगीत रंगीत, फुग्यांसकट. रंग म्हणजे गोंगाट, असं आम्ही चहा पिताना एकमेकांना सांगतो. तो गोंगाट आम्ही स्वतःच्या घरी ठेवून घेतला आणि दुसऱ्यांच्या अंगावरून तेवढा उतरवला. मिठागरातल्या बाईने सकाळी निवडून नेसलेलं हिरवं लुगडं आम्हाला आड येतं. ते गेलं की ती गरीब दिसते, आणि ती गरीब दिसली की आम्ही कलावंत होतो.

मी सेक्रेटरींना फोन करून पाटी बदलायला सांगितलं. "अहो, आता काय पाटी बदलता," ते म्हणाले. "एवढंच होतं तर रंगीत काढायचा होता." त्यांच्यावर चिडायला मला जागाच उरली नाही.

पुढच्या रविवारी ताईकडे गेलो. बरोबर त्याच फोटोची दुसरी प्रत होती, खरखरीत कागदावरची. पूर्वी स्टुडिओवाले अशा फोटोंवर हाताने रंग भरत. "तूच रंगव," मी म्हणालो. तिने कागदावरून अंगठा फिरवला, उठली आणि रंगाच्या बाटल्या, वाट्या घेऊन बसली.

वर्तमानपत्राच्या कडेला तिने एक पिवळा लावून बघितला. पुसला. दुसरा लावला.

"हा नाय. तो घोटलेला तर मूर्तीवरच संपला. अरे, तू समोर उभा होतास ना? कसा होता रे, हळदीवर जाणारा का आंब्यावर?"

मला आठवेना. खिडकी कुठे होती, तिच्या मनगटाची सावली कुठे पडली होती, हे डोळे मिटूनही सांगता आलं असतं. पिवळा कसा होता ते मात्र नाही. मी तो पाहिलाच नव्हता.

"नाय आठवत," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं. मग अंदाजानेच एक पिवळा केला आणि पीतांबर भरला. शेला गुलाबी. दागिने सोनेरी. आपली बोटंही एकेक करून रंगवली. मूर्तीच्या डोळ्यांपाशी ब्रश थांबला आणि ते तिने होते तसेच सोडले.

फोटो भडक झाला होता. खिडकीचा उजेड त्याखाली पार बुडाला होता. आणि इतकं सगळं होऊनही मला पहिलाच फोटो चांगला वाटत होता, याची मला त्या क्षणी अतिशय चीड आली.

"तुला आवडला नाय ना?" ताई ब्रश धुताना म्हणाली.

"नाय."

"नको आवडू दे. पण हा काय तो पिवळा नाय, तेवढं ध्यानात ठेव. तो गेला."

तिने फोटो वाळायला पंख्याखाली ठेवला आणि भिंतीत खिळा ठोकायला मला हातोडा आणून दिला.