कॅथलॅबमधला संबळ

पेशंटला गाणी ऐकवायची, हे खूळ आमच्या डॉक्टरांचं. कुठल्याशा परिषदेला गेले आणि येताना एक छोटा स्पीकर घेऊन आले. अँजिओप्लास्टीत पूर्ण भूल देत नाहीत. मनगट तेवढं बधिर करतात आणि तिथून नळी घालून हृदयापर्यंत जातात. माणूस सगळा वेळ जागा असतो, डोक्यावर एक्स-रेचं धूड फिरताना बघत असतो, आणि भीतीनं त्याचे ठोके पळत सुटतात. गाणं लावलं की जीव रमतो, ठोके खाली येतात, असं डॉक्टरांचं म्हणणं. मी त्या खोलीतली, म्हणजे कॅथलॅबमधली, नर्स. औषधं, मॉनिटर, पेशंट एवढं सांभाळणं कमी होतं म्हणून की काय, गाणी लावायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं.

खोटं कशाला बोलू, उपयोग व्हायचा. उमरग्याकडचा एक किराणा व्यापारी कानडी वचनं ऐकता ऐकता चक्क घोरायला लागला होता. एका ट्रक ड्रायव्हरनं मात्र हट्टानं लावणी मागितली आणि त्याचे ठोके उतरायचे सोडून चढले. तेव्हापासून डॉक्टर म्हणायचे, जरा संथ लावत जा. त्यांच्या मते संथ म्हणजे गझल. आमच्या निम्म्या पेशंटांना वाटायचं, गाणाऱ्यालाच काहीतरी दुखतंय.

ती मावशी आली तो दिवस मात्र मी विसरत नाही. साठीची बाई, येरमाळ्याजवळच्या खेड्यातली. सकाळी शेतात छातीत कळ आली, मुलानं जीप करून आणली. हृदयाची मुख्य नस जवळजवळ बंद होती. गळ्यात कवड्यांची माळ होती, म्हणजे आराधीण. देवीच्या नावानं माळ घालून मेळ्यात गाणी म्हणणारी. माळ काढावी लागणार होती, कारण एक्स-रेत कवड्या हृदयावरच दिसल्या असत्या. ती काढू देईना. शेवटी मुलानं आपलं उपरणं पसरलं आणि तिनं माळ त्यात ठेवली. खाली टेकवू नको, एवढंच त्याला बजावलं.

"माझी आय कशालाच भेत न्हाय, सिस्टर," मुलगा मला म्हणाला. "आजवर तिच्या डोळ्यांत पाणी बघितलं न्हाय म्या. येरमाळ्याची येडाई हाय तिच्या संगं."

मी तिचा हात धरून आत नेलं तेव्हा तो हात गार होता. पण कॅथलॅब गारच असते, सगळ्यांचेच हात गार पडतात. मी ते तेवढ्यावर सोडलं.

"मावशी, कुठलं गाणं लावू?" मी विचारलं.

"देवीचं."

मी एक आरती लावली. तिनं मान हलवली. "हे न्हवं. संबळाचं लाव."

आता मला कळायला हवं होतं की नको? माझं माहेर येरमाळ्याचं. अब्बांचं बांगड्यांचं दुकान होतं. येडेश्वरीच्या, म्हणजे येडाईच्या, जत्रेत आम्ही भावंडं बांगड्यांच्या गाड्यावर बसून सगळं बघायचो. संबळ तापला की एखाद्या बाईच्या अंगात यायचं. केस सुटायचे, ती घुमायला लागायची, हात आपटून हातातल्या बांगड्या फुटायच्या. लोक तिच्यापुढं हात जोडून उभे राहायचे, कारण आता ती शेजारची पारू किंवा गोदा राहिलेली नसायची, आई झालेली असायची. हे सगळं मी शंभरदा पाहिलेलं. पण कॅथलॅबच्या दाराच्या आत ते मला सुचलंच नाही. हिरव्या चादरीखाली झोपलेला माणूस आम्हाला पेशंट दिसतो. डॉक्टर तर लांबचे, त्यांना संबळ म्हणजे एक वाद्य. ते म्हणाले, "त्यांना आवडतंय ते लावा."

मी लावलं.

सुरुवातीला सगळं ठीक चाललं. उजव्या मनगटातून नळी गेली. केसाएवढी बारीक तार बंद नसेतून हळूहळू पलीकडं सरकली. पडद्यावर ती तार दिसत होती आणि हृदय हलेल तशी हलत होती. अशा वेळी लॅबमध्ये कुणी बोलत नाही. तार जागची सरकली किंवा नसेला लागली तर नस फाटते, आणि मग हातात फार थोडं उरतं.

संबळाची लय वाढली. चादर हलल्यासारखी वाटली. मी बघितलं तर मावशीचे खांदे डोलत होते.

"मावशी, हलू नका," डॉक्टर म्हणाले.

तिच्या घशातून हुंकार निघाला. एक, मग दुसरा, मग लयीत. मान डावी-उजवीकडं जायला लागली. डावा हात चादरीतून सुटून वर आला. मॉनिटरवर मध्येच वेडेवाकडे ठोके उमटायला लागले. हे फिट नव्हे, हे काय आहे ते मला पुरतं कळलं होतं.

"झोपेचं इंजेक्शन द्या," डॉक्टर म्हणाले आणि मॉनिटरकडं बघून लगेच स्वतःच म्हणाले, "नको, थांबा. बीपी फार खाली आहे." त्यांनी तार एका हातानं घट्ट धरून ठेवली होती. दुसऱ्या हातानं तिचं उजवं मनगट फळीवर दाबलं होतं. "आधी ते गाणं बंद करा."

मी बंद केलं नाही. जत्रेत एकदा पावसानं संबळ एकदम थांबला होता, तेव्हा घुमणारी बाई धाडकन दगडावर आपटलेली मी पाहिली होती. मी आवाज हळूहळू कमी करत आणला.

"सिस्टर, बंद करा म्हणतोय ना मी."

"सर, एकदम तोडलं तर जास्त उसळतील. माझं ऐका."

त्यांनी तार तशीच धरून ठेवली. शिशाच्या एप्रनच्या आत त्यांची छाती वरखाली होत होती. मी टेबलाच्या डाव्या बाजूला गेले, मावशीच्या कानाजवळ वाकले. मावशी म्हणून हाक मारण्यात काही अर्थ नव्हता. अशा वेळी कसं बोलतात ते मला माहीत होतं, पण मी ते कधी बोलले नव्हते. आमच्या घरात तसं बोलत नाहीत. अम्मीनं ऐकलं असतं तर तिनं मला काय म्हटलं असतं, तेही त्या क्षणी डोक्यात येऊन गेलं. पण पडद्यावर ती तार थरथरत होती.

"आई," मी म्हणाले, "शांत हो. तुझ्या लेकराच्या काळजात तार आहे. तिला हलवू नको. तुला काय पाहिजे ते सांग, आम्ही देतो."

हुंकार चालूच राहिला. मी पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणताना माझा आवाज रडवेला झाला, ते मलाच ऐकू आलं.

तिनं डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं. मग जाड, घोगऱ्या आवाजात म्हणाली, "हात धर."

जत्रेत आईनं लोकांकडं चोळी-पातळ मागितलेलं मी ऐकलं होतं. नारळ, पोत, जागरण मागितलेलं ऐकलं होतं. एकदा तर एका सावकाराची म्हैस मागितली होती. हात धर म्हणून मागितलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. पण विचार करायला वेळ कुठला? मी तिचा डावा हात दोन्ही हातांत धरला. तिनं माझी बोटं अशी आवळली की अंगठी रुतली.

खांदे थांबले. मग मान थांबली. संबळ आता अगदी लांबून आल्यासारखा वाजत होता.

"बलून फुगवतोय," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. फुगा फुगला की नस काही क्षण पूर्ण बंद होते आणि छातीत आग होते. मी तिच्या कानात सांगत राहिले, "आई, आता दुखेल, थोडंच दुखेल." ती हलली नाही. फुगा उतरवल्यावर, नस दिसावी म्हणून सोडलेलं औषध पडद्यावर काळं होऊन एकदम पलीकडं धावलं. डॉक्टरांनी स्टेंट बसवला, तार बाहेर काढली, आणि मग भिंतीला टेकून उभे राहिले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "गझल बरी होती हो."

मला हसायला आलं नाही. मी तिचा हात सोडायला गेले तर ती सोडेना.

तिला आयसीयूत हलवलं. मी सलाईन लावत होते. जवळ कुणी नाही हे बघून तिनं मला खुणेनं खाली वाकायला सांगितलं.

"पोरी, आई न्हवती आली."

मी आणखी खाली वाकले.

"म्या लई हाका मारल्या. संबळ लावलास तो त्यासाठीच मागितला व्हता. दर वक्ताला येती. आज न्हाय आली." तिचे ओठ कोरडे पडले होते. मी कापसानं ओले केले. "अंग हाललं ते भ्यानं. थांबवता यीना. हात धर म्हनाले ते म्याच म्हनाले. नुसतं मागितलं आसतं तर कुनी धरला आसता का?"

मला तिचा राग आला, खरंच सांगते. धरला असता की, आधी सांगायचं होतं, असं तोंडावर आलं होतं. पण मग तो गार हात आठवला. कॅथलॅबमध्ये एवढ्या वर्षांत मी कितीजणांना गाणं विचारलं होतं. भीती वाटतेय का, हे एकालाही विचारलं नव्हतं.

"पोराला सांगू नगं," ती म्हणाली. "आई संगं हाय म्हून त्यो रानात एकला जातो, इहिरीत उतरतो. त्याला वाटतंय आपल्याला काय हुयाचं न्हाय. आई आली न्हाय म्हनून कळलं तर त्याचा धीर सुटंल."

तिनं डोळे मिटले, तेव्हा पाणी कानाकडं ओघळलं. मी ते टिपलं आणि बाहेर आले.

मुलगा दाराशीच उभा होता. कॅथलॅबमध्ये आई अंगात आल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं, दवाखान्यात असल्या बातम्या पेशंटच्या आधी बाहेर पडतात. उपरण्यातली माळ त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

"सिस्टर," तो म्हणाला, "खरंच आली व्हती का आई?"

मी डोक्यावरची ओढणी सारखी केली. आमच्या धर्मात हे बोलणं किती मोठं पाप, ते मला ठाऊक होतं.

"व्हय," मी म्हणाले. "आली होती. मी स्वतः तिचा हात धरला होता."