जगदेवी आणि डबीतले जीव

जगदेवी माणसांना कधी भ्याली नाही, ती भ्यायची जमिनीला. लातूरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेची झाडलोट करता करता तिची चाळिशी उलटली, तरी घरी उशाशी पेल्यावर पेला उपडा रचल्याशिवाय तिला झोप लागत नसे. जमीन हलली की पेले पडतील आणि जाग येईल. भूकंपाने पोळलेली गावं अशीच ताकही फुंकून पितात. त्र्याण्णवच्या त्या पहाटे नऊ वर्षांची जगदेवी दारातून पळाली होती. पाळण्यातला भाऊ आतच राहिला.

संशोधन करणाऱ्या उमैमाने तिला नवं यंत्र समजावलं होतं. काचेच्या डबीत पेशी, खालून उजेड. पेशी बुडाला घट्ट धरून असल्या तर पडद्यावरची रेघ सरळ, मरून सुटल्या की रेघ खाली.

"मावशी, ह्या जिवंत आहेत. बहात्तर तास डबीला हात लावू नका. प्रयोग मोडला तर तीन महिन्यांची मेहनत पाण्यात."

सत्तर तास झाले होते. उमैमा जेवायला गेली आणि राखणीला जगदेवी बसली.

रेघ थरथरली. जगदेवी पडद्याजवळ सरकली. रेघ नाचायलाच लागली, तशी ती जिन्याकडे धावली. पण उंबऱ्यावरून माघारी फिरली, यंत्राचं झाकण उघडून डबी काढली, पदराखाली धरली आणि ओरडत सुटली, "भायेर निघा, जमीन हलायलीय!"

खालचा हॉल कॉलेजने त्याच दिवशी कोचिंगवाल्यांना दिला होता. परीक्षेसाठी तीनशे पोरं बाकं ओढत होती. हलत होतं ते एवढंच. पोरं अंगणात येऊन हसली. जगदेवीने मात्र पदराखालची डबी सोडली नाही.

उमैमा धावत आली आणि डबी बघून तिचा चेहराच उतरला.

"मावशी, हात लावू नका म्हटलं होतं ना?"

"जित्त्या हायत म्हणला ना तुमी. आत ठिवून कशी येऊ? एकदा आले व्हते की."

 उमैमाने वर जाऊन डबी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. प्रयोग तर मोडलाच होता. ती बराच वेळ बघत राहिली.

"हायत का?" जगदेवीने भीत भीत विचारलं.

"आहेत. सगळ्या धरून आहेत."

जगदेवी मटकन खाली बसली आणि इतक्या वर्षांचं रडली. एक तळहात मात्र तिने फरशीवर टेकवूनच ठेवला होता.