सालाखालचे ठिपके

लढाईच्या दिवसांत तिसगावच्या बाजारी लोक चांदीचे जुने रुपये मोडीला आणत. मी सोनार. रुपया दगडावर वाजवून घ्यायचा, तोलायचा आणि आटवायला मुशीत टाकायचा, एवढंच मला ठाऊक.

एकदा एक मुंडासेवाला पाहुणा आला आणि माझ्या ढिगातला एकेक रुपया भिंगाखाली धरू लागला. ऊन सरकेल तसा तोही सरकायचा. माझी भट्टी खोळंबली. मी वैतागून म्हणालो, "पाव्हणं, रुपये खरेच आहेत. वाजवून घेतलेत."

"तुमी वाजवून बघता, मी वाचून बघतो."

शेवटी एक राणीछाप रुपया त्याने मोडीच्या भावाने घेतला, कनवटीला लावला आणि मगच सांगितलं, "ह्याच्यावर छापलेल्या सालाखाली बारीक ठिपके हायेत. ह्या ठशाचे रुपये लई थोडे पडले. सात वर्सं हुडकत हुतो."

"मग आधी का नाही बोललात?" मी उसळलो.

"बोललो असतो तर दिला असता का?" तो हसला आणि भिंग माझ्या तळहातावर ठेवून उठला. "माजं काम झालं. आता फुडचा तुमी हुडका."

तसा रुपया मला अजून मिळालेला नाही. पण त्या दिवसापासून न वाचता एकही रुपया मी मुशीत टाकला नाही, आणि दर बाजारी माझी भट्टी जरा उशिरानेच पेटते.