परत धाडलेली बाटली

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि तिच्यापासून मी साधी तपकिरीची डबी कधी लपवू शकलो नाही. मधेच अडखळलो तर थोडं थांबा.

आम्ही कल्याणचे. मी कचेरीत कारकून. माझ्या मुलीला, यमूला, आकडी यायची. ठाण्याच्या डॉक्टरांनी औषध लिहून दिलं आणि बजावलं – एकही दिवस खाडा नको. ते कल्याणात मिळत नसे. मुंबईचा एक दुकानदार ते व्हीपीने धाडायचा. पोस्टमन दारात येणार, पैसे द्यायचे, बाटली सोडवायची. सोय खरी, पण छळ किती! कधी बाटली फुटून यायची, भुशात नुसता वास उरायचा. कधी पार्सल ठाण्यालाच उतरून राहायचं. पोस्टमास्तर म्हणायचे, दुकानाला लिहा. दुकानदार लिहायचा, पोस्टात विचारा. मी दोघांना शिव्या घालायचो. तोवर त्या शिव्या खऱ्या होत्या.

पण यमूचा हात – नाही, आधी द्वारकीचं सांगतो.

द्वारकी माझी धाकटी बहीण. वडील गेलेले, तिच्या लग्नाची काळजी माझ्या शिरावर. दोन ठिकाणी बोलणं फिसकटलं होतं. अखेर ठाण्याची चांगल्या घरची मंडळी तिला पाहायला आली. घराण्यात कोड आहे का, फेफरं आहे का, हे विचारल्याशिवाय असे पाहुणे पानसुपारीला हात लावत नसत. मी यमूला आधीच शेजारी धाडलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, नाही का? वरपित्याने विचारलंच. मी नाही म्हणालो. आणि – वेळ पाहा – तेवढ्यात दारात पोस्टमन.

‘भाऊसाहेब, औषधाचं पार्सल!’

वरपित्याने मान वर केली. ‘औषध कुणाला हो?’

काय सांगता आलं नसतं? आईच्या गुडघ्यांना म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण मी घाबरलो होतो. म्हणालो, ‘पत्ता चुकला असेल. आमच्याकडे कोणी आजारी नाही.’

पोस्टमनने माझ्याकडे पाहिलं. इतक्या बाटल्या त्यानेच मला आणून दिल्या होत्या. ‘बरं,’ म्हणाला आणि गेला. बायको आत स्वयंपाकघरात होती, तिला यातलं काही ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोस्टात धावलो, तर पार्सल परत मुंबईला गेलेलं. दुकानदाराचा नियम असा, की व्हीपी नाकारणाऱ्याला पुन्हा व्हीपी नाही. आधी मनिऑर्डर, मग माल. मनिऑर्डर केली. वाट पाहू लागलो. घरातली बाटली संपली. मुंबईला जाता आलं नसतं का? गाडी होती की! पण रजेला कारण सांगावं लागलं असतं, आणि लग्न ठरेपर्यंत ते कचेरीत फुटायला नको होतं. म्हणून मी नुसता रोज पोस्टात जाऊन विचारत राहिलो.

एका सकाळी यमू चुलीपाशी शेकत बसली होती. बायको विहिरीवर गेलेली. आकडी आली आणि पोर चुलीतच कलंडली. उजवा हात निखाऱ्यांत.

औषध त्यानंतर आलं. बाटली बघून बायको रडत ओरडली, ‘मेल्यांच्या घरी लेकरंबाळं नाहीत का?’ आणि मी काय केलं? मीही तिच्याबरोबर दुकानदाराला शिव्या घातल्या. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या मी मारल्या आहेत. मला माझी किळस आली, तरी मारल्या.

द्वारकीचं लग्न झालं. सुखात आहे. यमूच्या आकड्या वयाबरोबर कमी झाल्या, पण बोटं मुठीत आखडली ती आखडलीच. तिचं लग्न कुठंच जमलं नाही. ती डाव्या हाताने जेवते.

परवा द्वारकीच्या मुलाच्या मुंजीत, बायकांच्या पंगतीत, कुणीतरी त्या डाव्या हाताकडे बघून नाक मुरडलं. यमूला त्याची सवय आहे. ती हसून म्हणाली, ‘औषधवाल्यांनी वेळेवर धाडलं नाही हो. आमचे बाबा बिचारे रोज पोस्टात खेपा घालत होते.’

मी तिथंच तूप वाढत होतो. तिच्या भातावर वाढलं आणि पुढच्या पानाकडे गेलो.