खुर्ची कोणासाठी?

आमच्या सुरतेतल्या गोडादऱ्यात कापडाच्या लूमचा बारीक तूस उडत येतो आणि पंख्याच्या पात्यांवर बसतो. कधी बसला ते कोणाला दिसत नाही, पण एखाद्या दिवशी पंखा पुसायला घेतला की ओंजळभर निघतो. घरातले किस्से तसेच. ह्या दिवाळीनंतर आम्ही चार दिवस डोंगरात फिरून आलो, तर नुसत्या सामान भरण्याचेच इतके निघाले, की माझी नात पूर्वा म्हणाली, "आजी, तू बोल, मी लिहिते." लिहून झालं की मी तिच्याकडून सगळं परत वाचून घेते. विश्वास आहे माझा तिच्यावर. पण घेते!

*

दिवाळी झाली की साडीमार्केट बंद, ते थेट लाभपाचमीपर्यंत. माझा भास्कर तिथं साड्यांची पार्सलं बांधतो, पंचवीस वर्षं झाली. म्हणाला, "माय, ह्या सुट्टीत तुझ्या माहेरच्या डोंगरावर जाऊ. मित्राची व्हॅन मिळतेय."

हा डोंगर बागलाणातला, आमच्या गावाच्या अगदी मागे. दसऱ्याला गावातले गडी आणि पोरं वर झेंडा लावायला जायची. पोरींनी खालीच थांबायचं. वर अनवाणी जायची रीत, म्हणून त्या सगळ्यांच्या चपला सांभाळत मी खाली बसायचे. लग्न होऊन सुरतेला आले, नातवंड कॉलेजात गेलं, तरी वरून काय दिसतं ते मला ठाऊक नाही. आता सत्तरी उलटली. म्हटलं, ह्या वेळी वर जायचंच!

*

पूर्वाने सामानाची यादी करून फ्रीजवर चिकटवली. मला वाचता येत नाही, पण ओळी मोजता येतात. सकाळी चौदा होत्या. दुपारी भाकरी करून उठले तर सोळा!

"ह्या दोन कुठून आल्या?"

"कुठल्या दोन, आत्याबाई?" सून म्हणाली. सुरेखा नाव तिचं. उत्तर ठाऊक असलं की ती असाच उलटा प्रश्न विचारते.

मी यादी काढली, पदरात लपवली आणि खालच्या किराणावाल्याकडे नेली. म्हटलं, जरा बघ. तो बिचारा वाचून दाखवायचं सोडून सामानच बांधायला लागला! बिस्किटं, टॉर्चचे सेल, मीठ, काडेपेटी. शेवटी पिशवी पुढे सरकवून म्हणाला, "बा, बाम तीन दे दिए. फोल्डिंग खुर्ची मेरे पास नहीं मिलेगी."

खुर्ची? डोंगरावर जाताना खुर्ची कोणाला लागते?

मला तेव्हाच समजलं. चपला सांभाळायला मी, आणि आता व्हॅन सांभाळायलाही मीच!

*

त्याच आठवड्यात माझी चप्पल गेली. जोड नाही, एकच. उजवी!

आमच्या मजल्यावर समोर हंसाबेन राहतात. दाराबाहेर कोण काय ठेवतं, सगळं त्यांना माहीत. मी डावी चप्पल हातात घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. नुसती चप्पल दाखवली.

त्या म्हणाल्या, "बा, एक चंपलनुं हुं शुं करुं?"

बरोबर होतं, एका चपलेचं कोण काय करणार? पण बरोबर बोलणाऱ्या माणसाचा मला जास्तच संशय येतो.

दुसऱ्या दिवशी चप्पल जागेवर! फक्त तिच्या कडेला निळ्या पेनाची रेघ, सगळीकडून फिरवलेली. मी दोन दिवस हंसाबेनच्या घरात निळा पेन शोधत होते. चहाला जायचे आणि शोधायचे.

*

हवामानाचं तर विचारूच नका. भास्करचा मोबाईल म्हणे पाऊस, पूर्वाचा म्हणे ऊन, सुरेखाचा म्हणे कडाक्याची थंडी. एका घरात तीन आभाळं!

"आजी, हे अॅप चुकत नाही," पूर्वा म्हणाली.

"मग तिघं भांडून एक काय ते ठरवा."

शेवटी तिन्ही प्रकारचे कपडे भरायचं ठरलं. पण सुरतेत स्वेटर कोणाकडे असतो? पूर्वाच्या शाळेतला एक निघाला, डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारा. सुरेखाने नवीन घेतला आणि आरशापुढे घालून बघितला. दोन मिनिटांत घामाघूम! तिने पंखा पाचवर केला आणि स्वेटर घालून पंख्याखाली बसून म्हणाली, "चांगला आहे. थंडी वाजत नाही."

*

मग मी बॅगा तपासायला घेतल्या. का नाही तपासायच्या? माझं घर आहे.

सुरेखाच्या बॅगेत रुंद पट्टा सापडला. चार बोटं नाही, चांगला वीतभर रुंद, चिकटपट्टीवाला.

"हा कोणाला बांधायचा?"

"अहो आत्याबाई, ठेवा तो!"

"खुर्ची आणली, आता खुर्चीला बांधायला पट्टा पण आणला?"

सुरेखाला हसू आवरेना. मग एकदम गप्प झाली आणि पट्टा परत आत घातला, पार तळाशी. हसणारं माणूस मध्येच गप्प झालं की समजायचं काय?

निघायच्या दिवशी पहाटे सगळे चहा पीत होते. मी व्हॅनमधून खुर्ची काढली, हंसाबेनच्या दाराआड ठेवली आणि येऊन माझा चहा प्यायले. आता बसवून दाखवा मला!

*

सामान भास्करने भरलं. म्हणजे त्याच्या हातांनी भरलं, डोक्याने नाही. सगळ्या बॅगा एकावर एक दाबल्या, वरून प्लास्टिक, त्यावर बारदान, आणि दाभण-सुतळी घेऊन चारी बाजूंनी शिवून टाकलं! वर काळ्या शाईने काहीतरी लिहिलं.

"काय लिहिलंय गं?" मी पूर्वाला विचारलं.

"पप्पांनी पार्सलांच्या सवयीनं लिहिलंय, हुक मारू नये."

"माय, पाण्याचा थेंब आत जाणार नाही," भास्कर म्हणाला. "असला माल मी कलकत्त्याला पाठवतो!"

घाट चढायला लागलो आणि आभाळ काळं झालं. भर दुपारी असा पाऊस आला की समोरचं दिसेना. आणि त्या मित्राच्या व्हॅनची खिडकी वर होईना! मी भिजले, पूर्वा भिजली, सीट भिजली.

"रेनकोट काढ की!" सुरेखा ओरडली.

भास्करने मागे बोट दाखवलं. रेनकोट पार्सलात. सगळ्यात खाली.

"मग शिवण उसव!"

"दाभण घरी राहिलं."

चहाच्या टपरीवरचा कांद्याचा चाकू मागून आणला. शिवण इतकी पक्की की टपरीवाला बाहेर येऊन हात लावून बघून गेला. रेनकोट हाताला लागले तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं! भास्कर म्हणाला, "पण कोरडे आहेत बघ."

त्या रेनकोटांबरोबर एक खोकं निघालं. आत बूट. बारके, माझ्या मापाचे.

मी पूर्वाकडे बघितलं. तिच्या खिशाला निळा पेन होता.

*

डोंगराच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा हवा गार होती. भास्करने व्हॅनचं मागचं दार उघडलं. आत वाकला, इकडे हात घातला, तिकडे घातला.

"माय, खुर्ची?"

"हंसाबेनकडे!" मी म्हटलं. "मी वर येणार म्हणजे येणार. खाली बसणार नाही!"

तो दाराला धरून सरळ उभा राहायला लागला. आधी एक हात गुडघ्यावर, मग दुसरा कमरेवर. शर्टाखाली तो वीतभर पट्टा दिसला. चार दिवस मी सगळ्यांच्या बॅगा तपासत होते.

"तुम्ही जा," म्हणाला. "गाडीपाशी कोणीतरी पाहिजे ना."

सुरेखा हळूच म्हणाली, "मणका सरकलाय. डॉक्टरांनी चढायला मना केलंय. हे म्हणाले, मायला कळलं तर ती यायचीच नाही."

मी माझ्या गाठोड्यातली गोधडी काढली, चार घड्या केल्या आणि झाडाखालच्या दगडावर टाकली.

"बस."

"बसतो. तू जा."

ह्या डोंगरावर पायात घालून जात नाहीत. मी नवे बूट काढले, मग सुरेखाने काढले, मग पूर्वाने तोंड वाकडं करून काढले. तीन जोड भास्करपुढे मांडले.

"माझे नवे आहेत," मी म्हटलं. "लक्ष ठेव. आणि उभं राहायचं नाही, मी वरून बघणार आहे!"

बसत, उठत, पूर्वाच्या खांद्याला धरत वर पोचले. वर वारा असा की पदर धरवेना. झेंडा होता. चारी बाजूंना डोंगरच डोंगर. पूर्वा म्हणाली, "आजी, कॅमेऱ्यात बघ ना, तू खालीच काय बघतेस?"

"तो मोबाईल खाली धर. मोठं करून दाखव."

तिने धरला. झाडाखाली एवढासा भास्कर दिसला.

"बसलेत गं पप्पा."

"अजून मोठं कर," मी म्हटलं. "नीट बघ. खरंच बसलाय, की मी बघतेय म्हणून बसलाय?"