आईच्या डोक्यावर ठेवलेला हात

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. निवृत्तीनंतर लिहू लागले, तेही भीतभीत. आणि जे लिहायचे होते ते सोडून बाकी सारे लिहीत राहिले.

उल्हासनगरच्या एका महाविद्यालयात मी शरीरक्रियाशास्त्र शिकवीत असे. मेंदू साखरेवर चालतो. नशेचे द्रव्य सतत मिळत राहिले, की कपाळामागचा — ‘नको’ म्हणू शकणारा — भाग ती साखर पुरेशी वापरेनासा होतो. आनंदाची केंद्रे बधिर होतात. आणि नशा सुटल्यावरही सारे पूर्ववत व्हायला महिनोन्‌महिने जातात. फळ्यावर आकृती काढून मी हे कितीदा समजावले असेल. शपथेने मेंदू बरा होत नाही, हे मला कोणी शिकवायला हवे होते का?

तरीही माझ्या धाकट्या भावाला, अविनाशला, शपथ घ्यायला मीच लावली.

तो अंबरनाथच्या एका कारखान्यात पाळीवर जाई. खोकल्याचे औषध बाटलीच्या बाटली पिण्याची सवय त्याला तिथे लागली. व्यसनमुक्ती केंद्रातून तो कात्रपच्या आमच्या घरी परतला, त्या दिवशी आईने पुरणपोळ्या केल्या. दोन घास खाऊन तो थांबला आणि माझ्या कानाशी म्हणाला, “ताई, आईला सांगू नकोस — कशालाच चव नाही गं. तूप पण नुसतं ओलं लागतं.”

मेंदू सावरतो आहे, थोडा धीर धर — इतकेच तर म्हणायचे होते. पण समोर मामा बसले होते. “काय रे, आता खोकला बरा आहे ना?” असे त्यांनी विचारले आणि सगळे हसले. मला लाज वाटली. भावाची नव्हे — माझी, माझ्या शिक्षणाची. सर्वांदेखत मी अविनाशला आईच्या डोक्यावर हात ठेवून शब्द द्यायला सांगितले. त्याने तिच्या डोक्यावर हात दाबून शब्द दिला. आई म्हणाली, “हळू रे, अंबाडा सुटेल.”

काही महिन्यांनी तो घसरला. एकदाच. औषधाच्या दुकानासमोर पाय आपोआप वळले, असे त्यानेच मला रडत सांगितले. त्याच पावसाळ्यात आई गेली.

आता ते सांगते, ज्याच्याभोवती मी इतका वेळ फिरते आहे. आईच्या हृदयाची झडप निकामी होत चालली आहे आणि शस्त्रक्रिया तिला झेपणार नाही, हे डॉक्टरांनी मला तो घसरण्याच्या कितीतरी आधी सांगितले होते. अविनाशला धक्का बसू नये म्हणून मी ते स्वतःजवळच ठेवले होते. तेराव्याला पाहुणे गेल्यावर तो स्वयंपाकघरात आला. “ताई, माझ्यामुळेच गेली ना ती? शपथ मोडली म्हणून?”

दोन वाक्ये पुरली असती. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला — आणि गप्प राहिले. या भीतीने तरी तो बाटलीपासून दूर राहील, असे वाटले. हो, आईचे मरण मी औषधासारखे वापरले.

तो दूर राहिला. पण माझ्या गप्प राहण्यामुळे, काळामुळे, की त्याच्या स्वतःच्या कष्टांमुळे — कशाच्या आधारे सांगू? आता त्याला चव लागते. जेवताना चुकून हसतोदेखील. मात्र त्याची मुलगी सई वेणी घालून मागते, तेव्हा तो तिला माझ्याकडे पाठवतो. तिच्या डोक्यावर त्याने कधी हात ठेवल्याचे मला आठवत नाही.

गेल्या रविवारी सईने त्याला विचारले, आजीला काय झाले होते? त्याने तिला जवळ घेतले आणि एखाद्याला पत्ता सांगावा तितक्या सरळपणे म्हणाला, “पप्पांनी शब्द मोडला ना बाळा, म्हणून आजी गेली.”

सईने माझ्याकडे पाहिले. मी चहा गाळत होते. गाळत राहिले.